उसन्या आराखड्याचें प्रार्थनामंदिर

नक्कल म्हटली कीं आपल्या रसिकांच्या कपाळाला आठी पडते. तरीहि फिलाडेल्फियाचें सेंट जेम्स द लेस हें लहानसें एपिस्कोपल चर्च, उघडउघड नक्कल असतांना, अमेरिकन वास्तुकलेच्या इतिहासांत मानाची जागा मिळवून बसलें आहे.

१८४६ सालीं राल्स्टन नांवाच्या एका व्यापाऱ्यानें शहराबाहेरील उपनगरांत चर्च बांधण्याचें मनावर घेतलें. मध्ययुगीन गॉथिक हेंच खरें ख्रिस्ती शिल्प, असा आग्रह धरणाऱ्या केंब्रिजच्या विद्वन्मंडळीकडून त्यांस लाँगस्टँटन गांवच्या तेराव्या शतकांतील सेंट मायकेल चर्चचे मोजून काढलेले नकाशे मिळाले. त्यांबरहुकूम काम उठलें. ठेंगण्या भिंती, त्यांवर उतरतें उंच छप्पर, भाल्याच्या पात्यासारख्या अरुंद खिडक्या, आणि शिखराऐवजीं पश्चिमेच्या भिंतीच्या माथ्यावर घंटांपुरती कमान, बस्स! मूळ चर्चावर आजहि गवताचें शाकार आहे. तोंपर्यंत तिकडील चर्चें बहुधा प्रवचनाच्या दिवाणखान्यासारखीं असत. येथें नजर वेगळ्या, खोल गाभाऱ्यांतील वेदीकडे जाते. पुढें अनेक खेड्यांतील चर्चांनीं हाच कित्ता गिरविला. ज्याची नक्कल करावी, तेंच इतक्या साधेपणानें निवडणें हीहि रसिकताच, असें आम्हांस वाटतें.

याच विचाराची छाया आपल्या कुलाब्याच्या अफगाण चर्चवर आहे. त्याची प्रतिष्ठापना १८५८ सालीं झाली, आणि त्यांतील फरशा व सजावट याच संप्रदायाच्या बटरफील्डच्या कल्पनेची. मात्र तेथें मनोरा उंच आहे. समुद्रावरून दिसावा, हा हेतु स्पष्टच.

उपनगर शहरानें केव्हांच गिळलें. १९०८ सालीं वानामेकर घराण्यानें आवारांत उंच घंटाघर उभारलें. त्या ठेंगण्या चर्चाशेजारीं तें आम्हांस थोडें अवजड वाटतें. पण खरा कसोटीचा प्रसंग पुढें आला. १९९९ सालीं उपासकांनीं धर्मतत्त्वांच्या मतभेदावरून एपिस्कोपल चर्चशीं नातें तोडलें व वास्तु आपलीच म्हटली. पिढ्यानुपिढ्या जपणाऱ्यांची कीं ज्या धर्मसंस्थेच्या नांवें ती उभी राहिली तिची? २००५ सालीं पेनसिल्व्हेनियाच्या सर्वोच्च न्यायालयानें धर्मसंस्थेच्या बाजूनें निकाल दिला. कायदा म्हणून तो आम्हांस बिनचूक वाटतो. पण १६० वर्षांची वहिवाट सोडून जाणाऱ्यांची मनःस्थिति कायद्याच्या मापांत बसत नाहीं. २००६ सालीं ते बाहेर पडले.

२०११ सालीं त्याच आवारांत आसपासच्या गरीब वस्तीतील मुलांसाठीं शाळा सुरू झाली.