मांजर माणसाने पाळले की तेच येऊन राहिले? धान्य, उंदीर आणि सुरतच्या प्लेगची गोष्ट

सुरत : सप्टेंबर १९९४. गणपती विसर्जन नुकतेच उरकले होते. तापीच्या पुराचे पाणी वेड रोड परिसरातल्या वस्त्यांतून ओसरले होते, पण चिखल, कुजलेला कचरा आणि मेलेली जनावरे तशीच पडून होती. अशात प्लेगची बातमी फुटली आणि काही दिवसांत लाखो माणसं सुरत सोडून निघाली. लिंबायत, उधना भागात राहणारे खानदेशी कामगार मिळेल त्या गाडीने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेरकडे परतले. तोंडाला रुमाल बांधून बसलेल्या माणसांचे ते डबे जुन्या लोकांना अजून आठवतात. सुरतेत या साथीने ५० हून अधिक जणांचा बळी घेतला.

त्याच्या थोडे आधी बीड जिल्ह्यातल्या मामला गावात गाठीचा प्लेग दिसला होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर भीतीपोटी लोक घराबाहेर राहू लागले, धान्य मात्र बंद घरांत पडून राहिले आणि उंदीर माजले, असे त्याचे कारण तेव्हा सांगितले गेले.

आधी धान्य, मग उंदीर, मग आजार. ही साखळी माणसाच्या मागे काल-परवा लागलेली नाही. दहा-बारा हजार वर्षांपूर्वी माणसाने पहिल्यांदा पीक काढून साठवले तेव्हाच ती सुरू झाली, आणि मांजर माणसाच्या दारात आले ते याच साखळीला धरून.

कणगी आली, मागोमाग उंदीर आला

इतर पाळीव जनावरांचा हिशेब सरळ आहे. कुत्रा शिकारीला आणि राखणीला, गाय-म्हैस दुधाला, बैल औताला, शेळी-मेंढी मांसाला आणि लोकरीला. शिवाय ही बहुतेक जनावरे मूळची कळपात राहणारी, म्हाेरक्याचे ऐकणारी. माणूस त्यांचा म्होरक्या झाला, काम झाले. मांजराचे यातले काहीच जुळत नाही. रानातले मांजर एकटे फिरते, स्वतःचा इलाखा राखते, कोणाचे ऐकत नाही. दूध नाही, औत नाही, राखणही नाही. व्यवहारी नजरेने पाहिले तर असे जनावर पाळायला कोणीच निघणार नाही.

संशोधकांचेही साधारण हेच म्हणणे आहे की मांजराला कोणी मुद्दाम धरून आणले नाही. पश्चिम आशियात, म्हणजे आजच्या इस्रायल, सीरिया, तुर्कस्तान, इराक या पट्ट्यात, गहू-जवाची शेती सुरू झाली. गावे बसली, कोठारे भरली. कोठारांवर उंदीर आले आणि उंदरांवर आसपासची रानमांजरे. जी मांजरे माणसाला फार बुजत नव्हती ती वस्तीजवळ टिकली, त्यांची पिल्ले तिथेच वाढली. माणसानेही हाकलले नाही, कारण धान्य वाचत होते. ना कोणी दावे बांधले, ना कोणी दाम मोजला. दोघांचे एकमेकांवाचून अडत नव्हते, पण एकत्र राहिल्याने दोघांचा फायदा होता.

याचा सर्वात जुना ठोस पुरावा सायप्रस बेटावर सापडला. शिलुरोकांबोस या ठिकाणी सुमारे ९,५०० वर्षांपूर्वीची एक कबर आहे. त्यात एक माणूस पुरलेला, आणि त्याच्यापासून जेमतेम ४० सेंटीमीटरवर एक मांजर, वय साधारण आठ महिने. हा शोध २००४ मध्ये जाहीर झाला. महत्त्वाची गोष्ट अशी की सायप्रसवर मुळात रानमांजर नव्हतेच. म्हणजे ते कोणीतरी नावेतून नेले होते. धान्याची पोती नावेत चढली, त्यांच्याबरोबर उंदीर चढले आणि मांजरही चढले, असे म्हणायला जागा आहे.

२००७ मध्ये जगभरातल्या सुमारे ९७९ मांजरांचा डीएनए तपासला गेला. पाळीव मांजरे सगळीकडची एकाच कुळातली निघाली: आफ्रिका आणि पश्चिम आशियात आढळणारे ‘लिबिका’ जातीचे रानमांजर. गल्लीतले ठिपकेदार मांजर असो की हजारो रुपयांना मिळणारे पर्शियन, मूळ एकच. मात्र सगळा तपशील पक्का झालेला नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार युरोपात पाळीव मांजर पोहोचले ते साधारण २,००० वर्षांपूर्वी आणि तेही उत्तर आफ्रिकेच्या बाजूने. त्यामुळे पहिला मान पश्चिम आशियाचा की इजिप्तचा, हा वाद अजून मिटलेला नाही.

चीनचे उदाहरण तर फारच बोलके आहे. तिथे क्वानहुकुन या गावात ५,३०० वर्षांपूर्वीची मांजराची हाडे मिळाली. बाजरीसारख्या धान्यावर जगणारे उंदीर ही मांजरे खात होती, हेही हाडांच्या तपासणीतून कळले. पुढे निघाले असे की ती आपली मांजरे नव्हतीच, तो वेगळ्याच जातीचा बिबट्या मांजर होता. जागा वेगळी, जात वेगळी, पण कोठार दिसताच मांजराने केले तेच. बिबट्या मांजर नंतर रानात परत गेले आणि तिथेही शेवटी पश्चिमेकडून आलेले पाळीव मांजरच रुजले.

इजिप्तमध्ये मांजराला देवपण आले. बास्तेत या देवीचे ते रूप मानले गेले आणि मांजरांच्या लाखो ममी तयार झाल्या. या देवपणाचा शेवट मात्र विचित्र झाला. १८९० मध्ये सुमारे १९ टन ममी, अंदाजे १,८०,००० मांजरे, जहाजाने लिव्हरपूलला गेली आणि तिथे त्यांचे खत करून विकले गेले.

मांजर, बिलाडी आणि बाऊल

भारतीय उपखंडात मांजर नेमके केव्हा आले हे सांगणे अवघड आहे. सिंधमधल्या चान्हुदडो येथे हडप्पाकाळातली एक वीट मिळाली. ओली असताना तिच्यावर मांजर धावले आणि त्याच्यामागे कुत्रा, दोघांच्या पावलांचे ठसे विटेत राहिले. कुत्र्या-मांजराचे वैर चार हजार वर्षांहून जुने असल्याचा एवढा लेखी पुरावा दुसरा नसेल!

सुरतेत राहणाऱ्या मराठी घरातली मुले घरात ‘मांजर’ म्हणतात आणि शाळेत ‘बिलाडी’. दोन्ही शब्द संस्कृतातून उतरले आहेत, एक मार्जारावरून, दुसरा बिडालावरून. मार्जार म्हणजे घासूनपुसून साफ राहणारे. मांजराला जेवणानंतर अंग चाटताना पाहिले की नाव ठेवणाऱ्याची नजर कळते.

नवापूर, डांग, व्यारा भागातल्या उसात आणि झाडोऱ्यात दिसणारे रानमांजर, ज्याला बरेच जण बाऊल म्हणतात, ते मात्र घरच्या मांजराचे पूर्वज नव्हे. पाय उंच, शेपूट आखूड, कानाच्या टोकाला काळे केस. ऊसतोडीच्या वेळी त्याची पिल्ले सापडतात आणि काही लोक हौसेने घरी नेतात. हे करू नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार ते संरक्षित आहे, आणि पिल्ले जागेवर राहू दिली तर बहुतेक वेळा आई रात्री येऊन घेऊन जाते. वन खात्याला कळवणे एवढेच आपले काम.

बंदर सुरत

मांजर जगभर पसरले ते जहाजांनी. जहाजात धान्य, दोरखंड, शिडाचे कापड, आणि या सगळ्याला उंदीर लागलेले. भूमध्य समुद्रावरच्या व्यापाऱ्यांच्या जुन्या सागरी कायद्यात तर स्पष्ट कलम होते: जहाजावर मांजर नसेल आणि उंदरांनी माल कुरतडला, तर भरपाई जहाजमालकाने द्यायची. आजच्या भाषेत बोलायचे तर मांजर म्हणजे मालाचा विमा.

सुरत हे मुघल काळातले पश्चिम किनाऱ्यावरचे सर्वात मोठे बंदर. मक्केचे यात्रेकरू इथूनच जहाजावर चढत. इंग्रजांची वखार १६१३ ची, डचांची त्यानंतर तीन वर्षांची. कापूस, कापड, नीळ, मसाले यांनी भरलेल्या या शहरात उंदरांची चंगळ असणार, हे सांगायला इतिहासकार लागत नाही. १६८९ मध्ये आलेला जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज पाद्री सुरतेतल्या जनावरांच्या रुग्णालयाचे वर्णन करतो. गायी, घोडे, शेळ्या, कुत्रे तर होतेच, पण ढेकूण आणि पिसवांचीही तिथे सोय होती, असे तो लिहितो. जीवदयेची ही परंपरा सुरतेत पांजरापोळीच्या रूपाने आजही चालू आहे. पिसवांवर एवढी दया मात्र महागातच पडावी, कारण प्लेग उंदरावरून माणसावर येतो तो पिसवांमार्फत. हे उमगायला मात्र १८९८ साल उजाडावे लागले. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने मुंबईच्या साथीत काम केल्यावर कराचीत ते प्रयोगाने दाखवले.

अमरावतीच्या सिव्हिल सर्जनचा उपाय

१८९६ मध्ये मुंबईत उतरलेला प्लेग पुढची कित्येक वर्षे महाराष्ट्रभर फिरत राहिला. लोक गाव सोडून शेतात झोपड्या घालून राहत. त्या काळात अमरावतीला बुकॅनन नावाचे सिव्हिल सर्जन होते. त्यांचे म्हणणे असे की ज्या गावांत घरोघरी मांजरे आहेत तिथे प्लेग कमी दिसतो. १९०८ मध्ये त्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये मांजर हा प्लेगवरचा प्रतिबंध असल्याची बाजू मांडली. वैद्यकातले मोठे नाव असलेल्या रॉबर्ट कॉख यांनीही त्याच वर्षी जपान दौऱ्यात मांजरे पाळण्याचा सल्ला दिला होता.

ऐकायला छान वाटते, पण उपाय अर्धवट होता. घरउंदीर आणि लहान उंदीर मांजर मारते, त्यांना दूरही ठेवते. गटारातला मोठा उंदीर किंवा घूस समोर आली की बहुतेक मांजरे बाजू बदलतात. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका कचरा केंद्रात शंभरावर उंदरांच्या वसाहतीवर कॅमेरे लावून ७९ दिवस चित्रीकरण झाले. तेवढ्या काळात मांजरांनी उंदरावर झडप घातली तीन वेळा आणि मारले दोन. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आणखी एक गोष्ट बुकॅनन यांच्या उपायात बसत नाही. मांजराला स्वतःलाही प्लेग होतो, आणि अमेरिकेत आजारी मांजरांकडून माणसाला तो झाल्याच्या नोंदी आहेत.

सुरतेला प्लेगमधून कायमचे बाहेर काढले ते झाडूने. १९९५ मध्ये आलेले महापालिका आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना रोज रस्त्यावर उतरवले, कचरा रोज उचलायला लावला, अतिक्रमणे पाडली, घाण करणाऱ्यांना दंड केला. १९९६ मध्ये ‘इंटॅक’ने केलेल्या पाहणीत चंदीगडखालोखाल देशातले दुसरे स्वच्छ शहर म्हणून सुरतचे नाव आले. खाणे संपले की उंदीर आपोआप घटतात, हे मांजरापेक्षा महापालिकेने जास्त चांगले सिद्ध केले.

तरीही काम संपलेले नाही. उंदराच्या लघवीतून पसरणारा लेप्टो दर पावसाळ्यात सुरत, नवसारी, वलसाड जिल्ह्यांत भातलावणी आणि उसात काम करणाऱ्यांना गाठतो. यात सीमेपलीकडून मजुरीला जाणारे आपले लोकही असतात. पायाला जखम असेल तर चिखलात उघड्या पायाने उतरू नये, आणि ताप-अंगदुखी आली तर दोन दिवस वाट न बघता सरकारी दवाखाना गाठावा.

दूध-पोळीवर मांजर जगत नाही

दहा हजार वर्षे माणसाजवळ राहूनही मांजर आतून फारसे बदललेले नाही. कुत्रा भाकरी पचवायला शिकला, मांजर शिकले नाही. ते पक्के मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याला मांसातूनच मिळतो, तो कमी पडला तर डोळे जातात आणि हृदय कमकुवत होते. मोठ्या मांजराला दूधही नीट पचत नाही, कितीही आवडीने पीत असले तरी. गोड चव तर त्याला कळतच नाही, जिभेवर गोडाची जाणीव देणारे जनुक निकामी आहे. चंदी पडव्याला सुरती घारीभोवती घुटमळणारे मांजर तुपा-माव्याच्या मागे असते, साखरेच्या नाही.

सुरतेत आणि आपल्याकडेही अनेक शाकाहारी घरांत मांजराला फक्त दूध-पोळी घातली जाते. मोकळे फिरणारे मांजर उंदीर, पाली, चिमण्या मारून बाकीची भरपाई करून घेते. तिसऱ्या-चौथ्या मजल्याच्या फ्लॅटमध्ये कोंडलेल्या मांजराला ती सोय नसते. त्याला अंडी, मासे किंवा मांजरांसाठीचे तयार खाणे द्यावेच लागते. घरात ते आणायचे नसेल तर मांजर आणू नये, हे जरा कडू वाटले तरी खरे आहे. कुत्र्याचे खाणे मांजराला चालत नाही, त्यात टॉरिन पुरेसे नसते.

पोट भरलेले मांजर उंदीर मारत नाही, म्हणून गोडाऊनमधल्या मांजराला उपाशी ठेवायचे, ही समजूत कापड मार्केटपासून किराणा दुकानांपर्यंत ऐकू येते. ती चुकीची आहे. शिकारीची ऊर्मी भुकेवर अवलंबून नसते. खाऊन-पिऊन असलेले मांजर ताक्यांच्या थप्पीमागे तासन् तास दबा धरून बसते. उपाशी मांजर उलट खाणे शोधत शेजारच्या हॉटेलकडे निघून जाते. मांजराचे चावणे किंवा ओरखडाही हलका घेऊ नये. जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जावे. घरच्या मांजराला दरवर्षी लस आणि वेळेत नसबंदी केली तर पिल्ले पोत्यात घालून लांब नेऊन सोडायची वेळ येत नाही.