पाण्याला न सुटणारा जोड

वनस्पतिजन्य गोंदांकडे वळणारे विद्यार्थी हा विषय अगदी नवा आहे असे धरून येतात. खरे तर तो परतून आला आहे. १९२०च्या दशकात सिएटलच्या लॉक्स यांनी तेल काढून उरलेल्या सोयाबीनच्या पेंडीपासून प्लायवुडचा गोंद बाजारात आणला. गोंद स्वस्त होता, घरात टिकेही. पावसात मात्र पापुद्रे सुटत. पुढे फॉर्माल्डिहाइडवर आधारलेली रेझिने आली आणि पेंड मागे पडली. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने फॉर्माल्डिहाइड कर्करोगकारक ठरवले, तेव्हा पेंडीला पुन्हा भाव आला.

पण पावसात सुटणारा तो जोड होताच. सोया प्रथिनाची साखळी गुंडाळलेली असते. कॉस्टिक सोडा घातला की ती उलगडते, मिश्रण दाट होते आणि साखळीचे उघडे पडलेले गट लाकडाला हायड्रोजन बंधांनी धरतात. नेमके हेच बंध पाण्यालाही जमतात. ते आत शिरते आणि गोंदाची जागा बळकावते.

ओरेगॉन राज्य विद्यापीठातील कायचांग ली यांना लाटा झेलत खडकाला चिकटून राहणाऱ्या शिंपल्यांवरून वाट सुचली. शिंपल्याचा चिकटाही प्रथिनच. मग सोयानेच का हार मानावी? कागद भिजल्यावर फाटू नये म्हणून कागद गिरण्यांत घालतात ते रेझिन त्यांनी सोयापिठात मिसळले. त्याच्या रेणूत चार अणूंचे ताणलेले कडे असते. गरम प्रेसखाली ते उघडते आणि प्रथिनाशी सहसंयुज बंध जोडते. २००५ पासून अमेरिकेत या गोंदाचे प्लायवुड विकले जाते. हे रेझिन पेट्रोरसायनांतूनच येते, हे जाहिरातीत सांगत नाहीत. अभ्यासकाने मात्र विसरू नये.

'जलरोधक' म्हटले की चाचणी कोणती, हे आधी विचारावे. अमेरिकेत घरातल्या प्लायवुडसाठी चार तास भिजवणे, एकोणीस तास ५० अंशांना सुकवणे, असे तीनदा करतात. आपल्याकडे मरीन प्लायवुड ७२ तास उकळतात. तिथे सोया अजून फिनॉलच्या रेझिनापुढे तोकडाच पडतो.

लातूरकडच्या वाचकांना पेंड हाताशी असल्याचा आनंद होईल. पण खाद्यासाठीची पेंड भाजलेली असते आणि भाजलेले प्रथिन पाण्यात नीट विरघळत नाही. गोंदाला कमी तापवलेले पीठ लागते. तेव्हा गिरणीतली पेंड आणून थेट प्रेसकडे धावू नये. आधी तिची विद्राव्यता मोजावी, त्यासाठी या पुस्तकाचे पहिले प्रकरण पुरेसे आहे.