कणगी आमची, भात कुणाचं?



३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आलं, तेव्हा मुरुडच्या आमच्या घराची पडवीवरची कौलं उडाली आणि कोपऱ्यातली जुनी कणगी भिजली. कित्येक वर्षं ती रिकामीच होती. दुरुस्तीला आलेल्या गड्याने विचारलं, “वहिनी, टाकून देऊ?” मी हो म्हणणार, तोच सासूबाई म्हणाल्या, “थांब गं. आधी ती काय आहे ते तरी समजून घे.”

कोकणातल्या घराचं धान्याचं कोठार म्हणजे ही कणगी. बांबूच्या कामट्यांची माणसाएवढी विणलेली, आतून-बाहेरून शेणामातीने लिंपलेली. ओल लागू नये म्हणून जमिनीपासून उचलून दगडांवर ठेवायची. कार्तिकात भात झोडून, वाळवून आत भरलं की तोंडही लिंपून बंद. चार महिन्यांच्या धुवांधार पावसातही आत दाणा कोरडा. भात टरफलासकट ठेवल्याने कीड लवकर धरत नाही, म्हणून लागेल तसंच कांडायचं. सोबत कडुलिंबाचा पाला. कीड मारायची वेळच येऊ द्यायची नाही, हे आपल्या घरात किती मोलाचं, ते तुम्हाला सांगायला नको.

हल्ली अशा कणग्या पर्यटकांच्या फोटोत छान दिसतात. मलाही ती देखणीच वाटत होती. पण सासूबाईंनी पुढची गोष्ट सांगितली.

आमच्या आजेसासऱ्यांचं धान्याचं दुकान होतं. आषाढ-श्रावणात शेतकऱ्यांच्या कणग्या तळाला जात. मग आमच्याकडून भात उसनं जाई आणि सुगीला सवाईने किंवा दिढीने परत येई. म्हणजे चार मण नेलं, तर पाच किंवा सहा मण द्यायचं. ते फेडलं की त्यांची कणगी पुढच्या पावसाळ्याआधीच रिकामी. “चातुर्मासाचे तेच महिने,” सासूबाई म्हणाल्या. “आपण उपवास धरायचो, त्यांना ते घडायचे.”

ही एकट्या आमच्या घराची गोष्ट नव्हती. शेजारच्या अलिबाग तालुक्यातल्या चरी गावी खोतांच्या जाचाविरुद्ध शेतकऱ्यांनी १९३३ ते १९३९ संप केला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. पिकाचा मोठा वाटा खोताच्या कोठारात जाणार असेल, तर शेतच कसायचं नाही, असं ठरवून माणसांनी वर्षानुवर्षं हाल सोसले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले आणि १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. कायदा व्हायला मात्र १९४९ उजाडलं.

परिग्रहाचं प्रमाण ठरवताना तत्त्वार्थसूत्रात सोन्या-चांदीबरोबर धान्यही मोजलं आहे, हे आपण स्वाध्यायात वाचतो. मला ते नेहमी वाटायचं, धान्याचा कसला आलाय मोह? कणगीपुढे उभी राहिले तेव्हा कळलं. आणि दुष्काळात आपली कोठारं गरिबांसाठी उघडणाऱ्या कच्छच्या जगडूशाहांची गोष्ट आपण एवढ्या आदराने का सांगतो, तेही कळलं. कोठार भरण्यात दोष नाही. ते कुणासाठी उघडतं, हे महत्त्वाचं.

त्या पावसाळ्यात आळीतल्या बऱ्याच घरांतलं धान्य भिजलं होतं. सासूबाईंनी दुकानातली तांदळाची पोती उघडायला लावली आणि माजघरातली जुनी पायली काढली. येईल त्याला मापून देत होत्या. मी सवयीने वही-पेन घेऊन बसले, तर म्हणाल्या, “ते ठेव आत. या वेळी लिहायचं नाही.”

कणगी आम्ही टाकली नाही. दिवाळीनंतर शेणामातीने लिंपून पुन्हा पडवीत उभी केली. त्यात घराला वर्षभर पुरेल एवढंच भात भरतो.

जय जिनेंद्र.