बदामी : तांबड्या वालुकाश्माची दरी आणि मलप्रभेचे पाणी

कर्नाटकातील बागलकोट जिल्ह्यात, मलप्रभा नदीच्या खोऱ्यात बदामी हे गाव वसले आहे. तिन्ही बाजूंनी तांबूस वालुकाश्माचे उभे कडे, त्यांच्या कुशीत अगस्त्य तलाव आणि कड्यांत कोरलेली लेणी असे या दरीचे रूप आहे. प्राचीन काळी वातापी या नावाने ओळखले जाणारे हे गाव चालुक्यांची राजधानी होते. मये-डिचोलीहून निघालेला प्रवासी चोर्ला घाटमार्गे बेळगाव गाठतो. तेथून पूर्वेस सुमारे दीडशे किलोमीटरवर बदामी आहे. घाट चढून गेल्यावर वाटेत खानापूर तालुक्यातील कणकुंबी लागते. मराठीभाषक असलेल्या याच गावी मलप्रभेचा उगम होतो. तेथून 304 किलोमीटर वाहत जाऊन ती कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते.

गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सह्याद्री ओलांडून पूर्वेकडे जावे तसा तो झपाट्याने घटतो आणि बदामीच्या परिसरात 600 मिलिमीटरच्या आतबाहेर येतो. शास्त्रीय अर्थाने हे वाळवंट नव्हे. तो पर्जन्यछायेतील कोरडा प्रदेश आहे. परंतु झाडोरा विरळ आणि मातीचा थर पातळ असल्याने खडक उघडा राहतो, आणि उन्हाळ्यात या दरीत उभे राहिले की जॉर्डनमधील वादी रमच्या चित्रांची आठवण व्हावी.

येथील वालुकाश्म पन्नास कोटी वर्षांहून अधिक जुना आहे. प्राचीन नद्यांनी वाहून आणलेली वाळू थरावर थर साचून घट्ट झाली आणि लोहाच्या अंशामुळे तिला तांबडा रंग आला. कड्यांवर दिसणाऱ्या तिरप्या रेघा त्या काळच्या प्रवाहांच्या खुणा होत. खडकातील उभ्या भेगांतून पाणी शिरत गेले, भेगा रुंदावल्या आणि सुटे सुळके व अरुंद घळी तयार झाल्या.

आपला जांभा याच्या नेमका उलट आहे. भरपूर पावसाने खडकातील विरघळणारे घटक धुऊन नेल्यावर मागे उरलेल्या लोह व ॲल्युमिनियमच्या संयुगांतून तो बनतो. खाणीतून नुकताच काढलेला चिरा सहज तासता येतो आणि उघड्यावर कठीण होतो. घर बांधण्यास तो उत्तम. मात्र त्याच्या सच्छिद्र अंगावर बारीक कोरीवकाम टिकत नाही. डिचोली तालुक्यातील हरवळेची लेणी जांभ्यात खोदलेली असल्याने ती साधी आहेत. बदामीच्या सघन, एकजिनसी वालुकाश्मावर मात्र अठरा हातांच्या नटराजाची बोटेही स्पष्ट उमटली. दोन्ही ठिकाणच्या कारागिरांच्या कौशल्याची तुलना करण्यापूर्वी त्यांच्या हाती आलेला दगड पाहावा लागतो.

पहिल्या पुलकेशीने येथील डोंगरावर इ. स. 543 मध्ये किल्ला बांधला. चार मुख्य लेण्यांपैकी पहिले शैव, दुसरे व तिसरे वैष्णव आणि चौथे जैन आहे. तिसऱ्या लेण्यात मंगलेशाचा इ. स. 578 चा शिलालेख आहे. याच मंगलेशाने रेवतीद्वीप जिंकले. तेरेखोल नदीपलीकडील, पेडण्याला लागून असलेले रेडी म्हणजेच ते रेवतीद्वीप, असे अभ्यासक मानतात. इ. स. 610च्या सुमारास चालुक्यांच्या वतीने तेथे सत्याश्रय ध्रुवराज इंद्रवर्मा कारभार पाहत होता, हे गोव्यात मिळालेल्या ताम्रपटावरून समजते. जवळच्या ऐहोळे येथील 634 च्या शिलालेखात दुसऱ्या पुलकेशीच्या सत्तेखालील तीन महाराष्ट्रकांचा उल्लेख आहे. नदीकाठचे पट्टदकल 1987 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

कोरड्या दरीत राजधानी उभी राहिली ती पाणी साठवण्याच्या व्यवस्थेमुळे. कड्यांवरून ओघळणारे पावसाचे पाणी अगस्त्य तलावात अडवले जाई. आधुनिक काळात सौंदत्तीजवळ नविलुतीर्थ येथे मलप्रभेवर धरण झाले. पण खोऱ्याची तहान भागली नाही. कळसा-भांडुरा प्रकल्पाचे मूळ येथे आहे. म्हादई जलविवाद लवादाने 14 ऑगस्ट 2018 रोजी दिलेल्या निवाड्यात कर्नाटकाच्या वाट्याला 13.42 टीएमसी पाणी आले. त्यापैकी 3.9 टीएमसी मलप्रभेच्या खोऱ्यात वळवण्यास मुभा देण्यात आली : कळसा नाल्यातून 1.72 आणि भांडुऱ्यातून 2.18. गोव्याने या निवाड्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले आहे.

गोव्याचा आक्षेप भावनिक नाही. एका खोऱ्याचे पाणी दुसऱ्या खोऱ्यात नेल्यास म्हादईकाठची अरण्ये, पिण्याच्या पाण्याच्या योजना आणि मांडवीच्या मुखाशी गोड्या व खाऱ्या पाण्याचा समतोल यांवर परिणाम होतो. तथापि ज्या प्रदेशासाठी हे पाणी मागितले जाते, त्याचा रखरखीतपणाही खरा आहे. कणकुंबीच्या माथ्यावर पडणारा पाऊस काही पश्चिमेस आपल्याकडे येतो आणि काही पूर्वेस त्या तांबड्या कड्यांकडे जातो. ही विभागणी निसर्गाने केली. ती बदलायची झाल्यास दोन्ही बाजूंची भूमी पाहूनच निर्णय व्हायला हवा. बदामीला जाणाऱ्या गोमंतकीयाने लेण्यांबरोबर तेथील कोरडे ओढेही पाहून यावेत.