ऐकणाराचा पत्ता

बेळगावाहून सावंतवाडीस उतरताना आंबोलीचा घाट लागतो. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्यात सत्याग्रहींवर गोळीबार झाला, पाठोपाठ भारताने सीमा बंद केली; आणि त्याच वर्षी २५ नोव्हेंबरला या घाटमाथ्यावरून ‘गोंयचे सोडवणेचो आवाज’ हे गुप्त नभोवाणी केंद्र कोंकणी व पोर्तुगीज भाषांतून बोलू लागले. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो हे त्याचे चालक. पुढे केंद्र कॅसलरॉकच्या रानात हलले आणि डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त होईपर्यंत चालले.

बोलणारे रानात दडले होते. ऐकणाराला मात्र दडण्याचे फारसे कारण नव्हते. मडगावात कोणी दार लावून हळू आवाजात यंत्र लावले, तर त्याची नोंद केंद्राकडेही होत नसे. भीती काय ती शेजाऱ्याच्या कानाची.

संगणकाच्या जाळ्यात ही सोय उरली नाही. तेथे पान वाचावयाचे तर ते मागवावे लागते आणि मागणीवर वाचकाचा पत्ता असतोच. तो झाकण्यासाठी अमेरिकन नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेत १९९० नंतरच्या दशकात जी पद्धत निघाली, तिच्यातूनच २००२ साली ‘टॉर’ आले. त्यात मागणी तीन मध्यस्थांच्या हातून जाते. पहिल्याला वाचक ठाऊक, शेवटच्याला स्थळ. दोन्ही कोणा एकालाच ठाऊक नसतात.

१९९२ साली कॅन्सस विद्यापीठात जन्मलेला ‘लिंक्स’ हा निव्वळ अक्षरे दाखविणारा ब्राउझर या वाटेने नेता येतो. टॉरची भाषा त्याच्या जुन्या आवृत्त्यांना सहसा येत नाही, म्हणून मध्ये ‘प्रिव्हॉक्सी’ हा दुभाषा बसवितात. लिंक्सच्या मांडणीच्या फाइलीत प्रॉक्सी म्हणून १२७.०.०.१, द्वार ८११८, असे लिहावयाचे. प्रिव्हॉक्सीच्या फाइलीत पुढची रवानगी टॉरच्या ९०५० या द्वाराकडे करावयाची. साध्या एचटीटीपीसाठी ओळ लिहून एचटीटीपीएसची विसरणे ही नेहमीची चूक. मग आजची बहुतेक पाने उघड्या रस्त्यानेच येतात, आणि पडद्यावर फरक काहीच दिसत नाही.

चित्रे नाहीत, जावास्क्रिप्ट नाही, त्यामुळे माग काढण्याची बरीच साधने लिंक्सपुढे लंगडी पडतात. तथापि तो प्रत्येक स्थळाला आपले नाव सांगतो, आणि त्याचे वापरणारे इतके थोडे, की ते नावच एक खूण होऊन बसते.