सामाईक खातेवही आणि तिचे कारागीर

हिशेबाच्या इतिहासात पेण आणि रोहा या दोन शेजारगावांची नावे अगदी भिन्न कारणांनी येतात. ज्यांचे बालपण रोह्यात गेले ते चिंतामणराव देशमुख ११ ऑगस्ट १९४३ रोजी रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले आणि पुढच्याच वर्षी ब्रेटन वुड्सच्या परिषदेत हिंदुस्थानचे प्रतिनिधी म्हणून बसले. पेणचे नाव मात्र २०१० साली वेगळ्याच अर्थाने गाजले. पेण अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकेतील बनावट कर्जखात्यांचे प्रकरण उघडकीस आले, सप्टेंबरात रिझर्व्ह बँकेने व्यवहारांवर निर्बंध घातले, आणि लेकीच्या लग्नासाठी, म्हातारपणासाठी ठेवलेली हजारो कुटुंबांची पुंजी अडकून पडली. ठेवीदाराच्या हातात पासबुक होते, पण बँकेची मूळ वही त्याला कधीच दिसत नव्हती.

वही कोणी लिहावी आणि ती कोणी पाहावी, हा प्रश्न म्हणूनच आपल्या भागाला परका नाही. याच प्रश्नाला काही संगणकतज्ज्ञांनी दिलेल्या उत्तराचा, आणि ते उत्तर घडवायला माणसे कशी जमली याचा, थोडा इतिहास येथे सांगायचा आहे.

जुन्या दुकानदाराच्या कीर्दीत प्रत्येक पानाच्या आरंभी मागील पानाची शिल्लक ओढलेली असे. मधले एक पान बदलायचे म्हटले की पुढची सारी पाने बदलणे आले. ब्लॉकचेन म्हणजे हीच युक्ती यंत्राच्या हाती देणे होय. नोंदींच्या प्रत्येक गठ्ठ्यात मागच्या गठ्ठ्याचा गणिती ठसा गुंफलेला असतो, आणि अशा वहीच्या प्रती जगभरच्या अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेल्या असतात. एकाने खाडाखोड केली तर बाकीच्या प्रती त्याला खोटे पाडतात. अमेरिकेतील बँका कोसळत असताना, ३१ ऑक्टोबर २००८ रोजी, सातोशी नाकामोतो या टोपणनावाने कोणीतरी ही कल्पना मांडली, आणि ३ जानेवारी २००९ रोजी बिटकॉइनची वही सुरू झाली.

परंतु यंत्राला आज्ञा देणारा कार्यक्रम शेवटी माणसेच लिहितात. तो जर चार जणांच्या कपाटात बंद राहिला, तर पेणच्या वहीत आणि या वहीत फरक काय? म्हणून हा कार्यक्रम सर्वांसाठी उघडा ठेवणे भाग होते. उघड्या कामाची रीत आधीच पडलेली होती. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्‌स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये आपल्या लिनक्स प्रणालीची मूळ संहिता कोणालाही वाचता येईल, सुधारता येईल अशी खुली केली होती. पुढे २००५ मध्ये त्यानेच ‘गिट’ हे साधन तयार केले. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली याची नोंद त्यात राहते. परका माणूस दुरुस्ती सुचवतो, जुने जाणते ती तपासतात, चर्चा होते, आणि मगच ती स्वीकारली जाते किंवा परत पाठवली जाते. दूरदूरच्या अनोळखी माणसांची तुकडी उभी राहते ती अशी.

बिटकॉइनचा कर्ता २०११ मध्ये कायमचा दिसेनासा झाला. जाण्यापूर्वी त्याने काम गॅव्हिन अँड्रेसन यांच्याकडे सोपवले होते. संस्थापक गेल्यावर संस्था चालते की मोडते, ही परीक्षा येथेही झाली. एका गठ्ठ्यात किती नोंदी माव्यात यावरून तट पडले, वर्षानुवर्षे वाद चालला, आणि १ ऑगस्ट २०१७ रोजी एका गटाने वेगळी वही काढली. (सार्वजनिक संस्थांत ज्यांनी उमेदवारी केली आहे त्यांना यात नवल वाटू नये.) मात्र येथे वेगळे होणाऱ्यालाही मूळ वहीची पूर्ण प्रत नेता येते.

आता आपल्या मुंबईकडे येऊ. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘इथीरियम’ या वहीवर पैशांच्या नोंदींबरोबर छोटे कार्यक्रमही चालवता येत होते. पण डिसेंबर २०१७ मध्ये चित्रातल्या मांजरांच्या खरेदी-विक्रीचा एक खेळ इतका लोकप्रिय झाला की सारी वही तुंबली. त्याच वर्षी मुंबईत जयंती कनानी, संदीप नैलवाल आणि अनुराग अर्जुन यांनी ‘मॅटिक’ नावाचा प्रकल्प उभारला होता. मुख्य वहीचा भार हलका करणारी पूरक वही, असे त्याचे स्वरूप. कनानी हे अहमदाबादचे, वडील हिऱ्यांच्या कारखान्यात कामगार. श्रीमंत घराण्याचा वा परदेशी पदवीचा आधार येथे नव्हता.

त्यांच्या पद्धतीतली शिकण्यासारखी गोष्ट अशी की त्यांनी सारे काही नव्याने लिहिण्याचा हट्ट धरला नाही. मॅटिकचा एक भाग इथीरियमच्याच खुल्या संहितेवर बेतला गेला, तर दुसरा ‘टेंडरमिंट’ या दुसऱ्या खुल्या प्रकल्पावर. दुसऱ्यांनी आयुष्याची वर्षे घालून केलेले काम फुकट मिळाले, आणि त्याबदल्यात आपलेही उघडे ठेवावे लागले. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांची आठवण यावी अशी ही व्यवस्था आहे, फक्त इथला साचा कोणाच्या मालकीचा नाही. एप्रिल २०१९ मध्ये प्रकल्पाला नाणी विकून सुमारे ५० लाख डॉलर मिळाले. टाळेबंदीच्या काळात, २०२० मध्ये, वही प्रत्यक्ष सुरू झाली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये तिचे नाव ‘पॉलिगॉन’ झाले. त्यानंतर मात्र तुकडी वाढवण्याची रीत बदलली. माणसे एकेक करून जमवण्याऐवजी ‘हर्मीझ’, ‘मीर’ अशा तयार तुकड्याच कोट्यवधी डॉलर मोजून सामील करून घेतल्या गेल्या. मला स्वतःला पहिली रीत अधिक भावते, पण गणिताच्या एका अवघड शाखेतील जाणकार जगातच मोजके असतील तर दुसरा मार्ग कोणता, हेही खरे.

उघडेपणाचा कस डिसेंबर २०२१ मध्ये लागला. ३ तारखेला बाहेरच्या एका अभ्यासकाने कळवले की संहितेत एक भोक आहे आणि त्यातून कोणालाही नाणी काढून नेता येतील. एकूण १० अब्जांपैकी ९ अब्जांहून अधिक नाणी धोक्यात होती. तुकडीने दोन दिवसांत गुपचूप दुरुस्ती केली. तेवढ्या अवधीत कोणा चोराने ८ लाखांवर नाणी लांबवलीच. दोष दाखवणाऱ्या दोघांना मिळून सुमारे ३४ लाख ६० हजार डॉलरचे बक्षीस देण्यात आले, आणि २९ डिसेंबरला हा वृत्तान्त जाहीर झाला. दुरुस्ती गुपचूप का केली, अशी टीका झाली. ती अगदीच निराधार नाही. पण चूक दाखवणाऱ्याचा मुलाहिजा न बाळगता त्याला बक्षीस देणारी व्यवस्था २०१० पूर्वी पेणमध्ये असती तर, असा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

या साऱ्यात सोनेच आहे असे कोणी समजू नये. नाण्यांच्या सट्ट्यात पुष्कळांनी हात पोळून घेतले. पॉलिगॉनने फेब्रुवारी २०२३ मध्ये सुमारे १०० आणि वर्षभराने ६० जणांना कमी केले. अर्जुन २०२३ मध्ये वेगळे झाले, आणि त्याच वर्षी कनानींनीही दैनंदिन कामातून अंग काढले. शिवाय वही कितीही पक्की असली तरी तिच्यात पहिलीच नोंद खोटी लिहिली गेली, तर ती खोटी नोंदही तितक्याच पक्केपणे टिकते. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथे ६५ हजार जातप्रमाणपत्रांच्या नोंदी पॉलिगॉनवर ठेवण्याचा उपक्रम जाहीर झाला. दाखल्यात नंतर कोणी फेरफार केला तर तो त्यामुळे पकडता येतो. दाखला मुळात योग्य माणसाला दिला की नाही, हे मात्र कचेरीतल्या माणसानेच पाहावे लागते.

आमच्या वर्गांतील मराठी व उर्दू माध्यमाच्या मुलामुलींना या कामाचे दार कितपत उघडे आहे? संहिता वाचायला पदवी दाखवावी लागत नाही. इंग्रजीची अडचण आहे, ती नाकारण्यात अर्थ नाही. नवखा माणूस बहुधा लहान कामापासून सुरुवात करतो. कुठे माहितीपत्रकातली चूक दाखवतो, कुठे चाचणी घेऊन दोष नोंदवतो, कुठे भाषांतर करतो. इथीरियमच्या माहितीची अनेक भाषांत भाषांतरे स्वयंसेवकांनी केली आहेत, आणि त्या यादीत मराठी आणि उर्दू या दोन्ही भाषा आहेत.