गुडघ्यांतील चंद्रकोर

रायगडाच्या पायथ्याशीं हिरकणीवाडी आहे. १९९६ सालीं सुरू झालेला रज्जुमार्ग तेथूनच वर जातो. तरी पायऱ्यांनीं गड चढण्याची हौस असणारे पुष्कळ आहेत. चढतांना छाती भरून येते, पण खरी परीक्षा होते ती उतरतांना, आणि ती गुडघ्याची. हिरकणीनें तर कडाच उतरला म्हणतात. तिच्या गुडघ्यांविषयीं आख्यायिका कांहीं बोलत नाहीं!

मांडीचें हाड आणि नडगीचें हाड यांच्यामध्यें कूर्चेच्या दोन चंद्रकोरी असतात. त्यांस मेनिस्कस म्हणतात. वांकलेल्या गुडघ्यावर भार असतां पाय पिळवटला कीं चंद्रकोर फाटते. १८८३ सालीं एडिंबरो येथें ॲनन्डेल यांनीं ती शिवून दाखविली; परंतु १८९७ मध्यें ब्लँड-सटन यांनीं तिला स्नायूचा निरुपयोगी अवशेष ठरविलें, आणि पुढें कित्येक वर्षें शस्त्रवैद्य ती खुशाल काढून टाकीत. त्या गुडघ्यांचीं हाडें पुढें चपटीं होतात, सांध्यांतील फट अरुंद होते, हें फेअरबँक यांनीं १९४८ मध्यें क्ष-किरणांनीं दाखविलें. ज्ञानाच्या नांवाखालीं अज्ञानानें केवढें नुकसान केलें!

क्ष-किरणांत हाड दिसतें, कूर्चा दिसत नाहीं. म्हणून वैद्य गुडघा वांकवून पिळीत व आंत ‘कट्’ असें वाजतें का तें पाहत. मॅकमरे यांची ही परीक्षा १९४२ ची. पुढें १९४६ सालीं ब्लॉख व पर्सेल यांनीं चुंबकीय अनुनाद शोधला, १९७३ मध्यें लॉटरबर यांनीं त्यावरून चित्र काढलें, आणि १९८० नंतरच्या दशकांत गुडघा त्या यंत्रांत गेला. हेंच एम्. आर्. आय्. प्रबळ चुंबकांत शरीरांतील पाण्याच्या हायड्रोजनकणांस रेडिओलहरी देतात आणि त्यांचें प्रत्युत्तर टिपतात. हें भाषण ज्या जातीच्या लहरींनीं आपल्या घरीं येतें, त्याच जातीच्या या लहरी! धड चंद्रकोर चित्रांत काळी दिसते. कडेपर्यंत पोंचलेली पांढरी रेघ म्हणजे फाट.

पण चित्र म्हणजे रोग नव्हे. अमेरिकेंत ५० ते ९० वयाच्या ९९१ लोकांचे गुडघे असे पाहिले. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासांत, फाट असलेल्यांपैकीं ६१ टक्के लोकांस मागील महिन्यांत कसलाहि त्रास नव्हता. फिनलंडमध्यें ३५ ते ६५ वयाच्या, झिजेनें फाट पडलेल्या १४६ रुग्णांपैकीं कांहींवर खरी व कांहींवर नुसती दिखाऊ शस्त्रक्रिया केली. २०१३ चा निष्कर्ष असा कीं वर्षानंतर दोहोंत म्हणण्यासारखा फरक नव्हता. तेव्हां गड उतरून गुडघा दुखला, चित्रांत रेघ दिसली, एवढ्यावरून पन्नाशीच्या गृहस्थानें शस्त्राकडे धांवूं नये. तरुणाचा गुडघा पिळवटून जागींच अडकला असेल, सरळच होत नसेल, तर गोष्ट निराळी. तेथें चित्र काढण्यास दिरंगाई नको.